वाकडीटोल्याचा सांत्वनांक

मंदी आली तेव्हा तिला कोणी मंदी म्हटले नाही. प्रथम नागपुरातल्या कचेऱ्या ओस पडल्या, कारण कारकुनांची, हिशेबनिसांची आणि निम्म्या वकिलांची कामे यंत्रे करू लागली होती. मग ज्यांच्या पगारावर बाजार चालत होता ते बाजारात येईनासे झाले. मग बँकांनी दारे लावून घेतली, आणि वैनगंगेच्या काठच्या भातगिरण्यांचे भोंगे एकामागून एक थांबले. त्यातच सलग दोन हंगाम तुडतुड्याने धान खाल्ले. तेव्हा कुठे दिल्लीतल्या विद्वानांनी मान्य केले की, हे नेहमीचे चढउतार नव्हेत. ही पडझड आहे.

सरकारला उशिरा का होईना, एक गोष्ट उमगली होती. उपाशी माणसाला धान्य लागते आणि रिकाम्या माणसाला दिवस ढकलण्यासाठी काहीतरी लागते. म्हणून 'लोककला दिलासा योजना' निघाली. चित्रकारांना बंद गिरण्यांच्या भिंती रंगवायला दिल्या. प्रत्येक तालुक्याला एक कवी नेमला गेला आणि त्याने महिन्याला चार गाणी द्यावीत असे ठरले; ती कोणी गावीत हे मात्र ठरायचे राहून गेले. मूर्तिकारांनी चौकाचौकांत पेरणी करणारी स्त्री उभी केली. आणि झाडीपट्टीत, म्हणजे पूर्वेकडच्या जंगलाच्या आणि धानाच्या त्या मुलखात, जिथे सुगीनंतर गावोगाव नाटके करण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे, तिथल्या नाटक मंडळ्या सरकारने वर्षभरासाठी बांधून घेतल्या.

वडशाच्या 'वैनतेय नाट्यमंडळा'च्या मालकीणबाई वनमाला लांजेवार यांनी योजनेत नाव घातले, तेव्हा तालुक्याच्या अधिकाऱ्याला त्यांनी उभ्याउभ्याच बजावले, "मदत हा शब्द माझ्यासमोर उच्चारू नका. सरकार माझं नाटक विकत घेत आहे आणि मी ते विकते आहे. भाव धान्यात ठरला, एवढंच."

सत्तरी ओलांडलेल्या या बाईचा कणा ताठ होता आणि आवाज मागच्या रांगेपर्यंत जाई. मंडळात पस्तीस माणसे होती. त्यांच्या लेकरांची बारशी त्यांनी केली होती, त्यांची भांडणे त्यांनीच मिटवली होती, आणि दारू पिऊन रंगमंचावर चढलेल्याला स्वतःच्या हाताने खाली ओढलेही होते.

योजनेसोबत रसमापक आला.

त्यामागचे शास्त्र अवघड नाही. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासरशी चेहऱ्याच्या कातडीखाली रक्ताची एक बारीक लाट येते आणि चेहरा क्षणभर किंचित तांबूस होतो. आपल्या डोळ्यांना ते दिसत नाही; चांगल्या कॅमेऱ्याला दिसते. त्यावरून दूर बसलेल्या माणसाची नाडी मोजता येते. निवांत माणसाच्या दोन ठोक्यांमधले अंतर श्वासाबरोबर कमीजास्त होत राहते. धास्तावलेल्या माणसाचे ठोके घड्याळासारखे ताठ पडतात. भीतीने नाकाचा शेंडा गार होतो, तोही उष्णता टिपणाऱ्या भिंगाला कळतो. रुग्णालयांत अत्यवस्थ मुलांना तारा न चिकटवता तपासता यावे म्हणून हे यंत्र बनले. पुढे कोणाच्या तरी ध्यानात आले की, एका खाटेवर जे मोजता येते ते मैदानात बसलेल्या हजार माणसांवरही मोजता येईल. त्या सगळ्या मोजमापातून एक आकडा निघे, शून्य ते शंभर. त्याला सांत्वनांक असे नाव दिले होते. नाटक संपताना तो जितका वर, तितका लोकांना दिलासा अधिक आणि तितकी मंडळाची श्रेणी वरची.

कॅमेऱ्यांना उजेड हवा, म्हणून रात्रभर चालणारी नाटके दुपारी होऊ लागली. वनमालाबाईंना ते रुचले नाही, परंतु त्यांनी मान्य केले.

दुसरा बदल याहून खोल होता. झाडीपट्टीत नटाला सगळे संवाद पाठ नसतात. एका हंगामात वीस नाटके करणारा माणूस पाठ तरी काय काय करणार! रंगमंचाच्या पुढच्या खळग्यात प्रॉम्प्टर बसतो, तो पहिला शब्द टाकतो, आणि नट तो झेलून वाक्य उभे करतो. वैनतेयचा प्रॉम्प्टर देवानंद मिसार याच्यासमोर आता एक पाटी बसवण्यात आली. पुढच्या प्रवेशाचा कोणता भाग घ्यावा आणि कोणता गाळावा हे रसमापक त्या पाटीवर सांगे. प्रेक्षकांचे ठोके वाढू लागले की पाटीवर विनोदी प्रवेश उमटे, नाहीतर लावणी. खळग्यातून जे येईल ते उचलायचे, ही नटांची जन्माची सवय. त्यामुळे नाटक यंत्राच्या हाती गेले आहे हे कोणाला जाणवलेसुद्धा नाही. विधवेचा विलाप सुरू होताच मधेच विनोदी नट कवडू शेंडे धोतर सावरत प्रवेश करी आणि मैदान हसू लागे.

वैनतेयचा सांत्वनांक सत्तरच्या खाली उतरेना. मंडळाला पहिली श्रेणी मिळाली.

*

पौष महिन्यात एके सकाळी वनमालाबाईंची लेक प्रणोती वडशाला आली. ती वाकडीटोल्याला दिलेली होती आणि तिथल्या अंगणवाडीची सेविका होती. रंगमंचावर उभी राहायला तिने सोळाव्या वर्षी नकार दिला होता. आईने तो नकार मान्य केला होता, पण गिळला नव्हता.

"जेवून घे आधी," वनमालाबाई म्हणाल्या.

"जेवायला नाही आले, आई. तुझ्या त्या आकड्याच्या साहेबाला भेटायचंय."

रसमापन अधिकारी शार्दूल केळापुरे मंडळाच्या आवारातच एका खोलीत राहत असत. तिशीचा, सभ्य आणि झोप न झालेला असा हा तरुण होता. प्रणोतीने त्यांना बसूही दिले नाही.

"दिवाळीनंतर वैनतेयचं नाटक आमच्या गावात झालं. पंधरा दिवसांत आमचं धान्य निम्म्यावर आलं. पलीकडच्या खैरीत नाटक झालं, तिथलंही निम्म्यावर. जिथे नाटक झालंच नाही त्या गावाचं पूर्ण चालू आहे. हा काय प्रकार आहे, साहेब?"

केळापुऱ्यांनी वनमालाबाईंकडे पाहिले आणि नजर खाली वळवली.

"गोदामांत धान्य कमी आहे आणि मागणारी गावं फार. प्रत्येक गाव लिहून देतं की आम्ही मरतो आहोत. खरं कोण, हे ठरवायचं कसं? म्हणून अन्न विभागानं आमचा आकडा मागून घेतला. शरीर खोटं बोलत नाही, असं त्यांचं म्हणणं. आणि अख्खं गाव एका जागी कॅमेऱ्यापुढे बसतं ते फक्त तुमच्या नाटकाला. ज्या गावाचा आकडा साठच्या वर, ते 'निवांत' गाव. त्याची निकड कमी धरतात."

 बाहेर कोणीतरी तबला ठोकून लावत होते.

"म्हणजे आम्ही लोकांना हसवतो," वनमालाबाई सावकाश म्हणाल्या, "आणि ते हसतात म्हणून त्यांची थाळी काढून घेतली जाते."

"कोणी मुद्दाम केलेलं नाही, बाई."

"मुद्दाम केलेलं असतं तर भांडता तरी आलं असतं."

"मग नाटकाच्या आधी मोजा की!" प्रणोती म्हणाली.

"आधीचाही आकडा असतो. पण तो आमच्यापुरता. वर जातो तो शेवटचा. मी दोनदा कळवलं. समिती नेमली आहे."

"समिती बसेपर्यंत माझी पोरं उभी राहतील का? अंगणवाडीत चाळीस आहेत. आता आल्यावर खेळत नाहीत, साहेब. भिंतीला टेकून बसतात. आणि या उरलेल्या निम्म्याचंही काय होईल ते सांगा."

"येत्या मंगळवारी तुमच्याकडे पुन्हा नाटक आहे. आकडा चाळीसच्या खाली आला तर धान्य पूर्ववत होईल. पुन्हा साठच्या वर गेला, तर होळीपर्यंत बंद."

प्रणोतीने आईला अंगणात नेले. तिचा आवाज आता खाली आला होता.

"आई, एकदा नाटक पाड."

वनमालाबाईंच्या चेहऱ्यावरचा एकही स्नायू हलला नाही.

"भाषणं चुकू दे. पेटी बेसूर होऊ दे, पडदा अडकू दे. लोक वैतागले पाहिजेत, शिव्या घालत उठले पाहिजेत. एवढं कर. मी तुझ्याकडे कधी काही मागितलेलं नाही."

"तू इथे येऊन राहा. नातीला घेऊन ये. आमच्या वाट्यात तुमचं भागेल."

"माझं एक घर भागेल. त्या चाळिसांना काय सांगू, माझी आई नाटकवाली आहे म्हणून मी जेवते?"

हे उत्तर वनमालाबाईंचेच होते, फक्त लेकीच्या तोंडून आलेले. 

*

संध्याकाळी मंडळ जमले. वनमालाबाईंनी सर्व काही सांगितले, लपवले काही नाही. आकडा पडला तर पहिली श्रेणी जाईल आणि पस्तीस घरांचा वाटा कमी होईल, हेही सांगितले.

 मग कवडू शेंडे खाकरला.

"बाई, नाटक पाडाचं असंन तर मले सांगा जी. या कामाचा माहा तीस वर्षांचा अनुभव आहे."

"तुले पाडा लागते कायले?" देवानंद म्हणाला. "तू निस्ता उभा राहिला तरी पडते."

हसणे झाले आणि विरले. खलनायकाचे काम करणारा एक जण म्हणाला, "बाई, माही बहीण खैरीले आहे. आपला वाटा गेला त जाऊ द्या जी." कोणी विरोध केला नाही. त्या क्षणी त्यांच्या मंडळाइतके श्रीमंत कोणी त्या जिल्ह्यात नसेल.

वनमालाबाई उठून उभ्या राहिल्या.

"वाटा जाईल तर जाऊ द्या. परंतु वैनतेयचं नाटक पडणार नाही. माझ्या सासऱ्यांनी हे मंडळ उभं केलं तेव्हापासून एकही प्रेक्षक शिवी देऊन उठलेला नाही, आणि उपाशी माणसांसमोर मुद्दाम वाईट काम करणं म्हणजे त्यांच्या ताटात माती कालवणं आहे. मी सांगते ते ऐका. यंत्र कशाला भितं? दुःखाला. करुण प्रवेश सुरू झाला की आकडा घसरतो, आणि लगेच पाटीवर कवडूचं नाव येतं. खरं ना, देवानंद?"

"खरं आहे जी. दोन मिनिटंही रडू देत नाही."

"मग मंगळवारी पाटी झाकायची. 'रिकामं जातं' करायचं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, एक ओळ न गाळता. आईचं काम मी करीन. इतकं दुःख देऊ की आकडा मातीला लागेल. गावाला धान्य मिळेल आणि नाटकाची अब्रूही राहील."

विचार बिनचूक दिसत होता. प्रणोती दारात उभी होती. ती एवढेच म्हणाली, "आई, पाडणं सोपं होतं."

"सोपं असेल ते दुसऱ्या मंडळांनी करावं."

*

वाकडीटोल्याच्या धानाच्या बांधीत, कापणी झालेल्या शेतात, उतरती जमीन खणून बसायची जागा केली होती. मंगळवारी दुपारी सगळे गाव तिथे आले. लोक सावकाश चालत आले आणि बसताना हातांचा आधार घेत बसले. कॅमेऱ्यांचे चार खांब चार कोपऱ्यांत उभे होते. केळापुरे मागे टेबल मांडून बसले होते आणि प्रणोती त्यांच्या शेजारी उभी होती. देवानंदने पाटीवर आपला पंचा टाकला. केळापुऱ्यांनी ते पाहिले आणि न पाहिल्यासारखे केले.

'रिकामं जातं' हे साधे नाटक. दुष्काळात एका बाईच्या घरातला दाणा संपतो. आपल्या घरी चूल पेटत नाही हे शेजारणींना कळू नये, म्हणून ती रोज पहाटे उठून रिकामे जाते फिरवते आणि ओव्या म्हणते. शेजारणी म्हणतात, हिचं बरं चाललंय. तिचा लेक अंथरुणातून तो आवाज ऐकतो आणि आज भाकरी मिळणार म्हणून उठतो.

पहिल्या अंकाला सांत्वनांक अठ्ठेचाळीस होता. दुसऱ्या अंकात लेक उठून परातीपाशी येऊन बसला, तेव्हा तो एकतीसवर आला. प्रणोतीने केळापुऱ्यांच्या पडद्यावर बोट ठेवले. आकडा अठ्ठावीस झाला, मग बावीस.

"साधलं," केळापुरे पुटपुटले. "बावीस! इतका खाली जिल्ह्यात कुठेच नाही."

तिसऱ्या अंकात वनमालाबाई एकट्याच जात्यासमोर बसल्या. आता लेक नव्हता. खळग्यातला देवानंद पुस्तक मिटून बसला होता. या प्रवेशात बाईंना शब्द लागत नसत. त्यांनी खुंटा धरला आणि जाते ओढले. दगडावर दगड घासण्याचा तो कोरडा आवाज उतरणीवरून वर चढत शेवटच्या रांगेपर्यंत गेला.

फिरे जात्याची गं पाळी, पीठ पडेना गं खाली;
नको कळू देऊ, देवा, माझी गोठ दुज्या आळी.

पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीने पदर तोंडात कोंबला. तिच्या मागे कोणाचा तरी हुंदका फुटला. मग बायका रडू लागल्या, आणि मग पुरुष. लाज सोडून, खांदे हलवत, गेल्या दोन वर्षांत ज्यांनी घरात कोणासमोर डोळे पुसले नव्हते असे पुरुष. सरपंच रडत होता. रोज कोणाच्या घरात काय शिजले नाही हे प्रत्येकाला ठाऊक होते आणि प्रत्येकाने ते आजवर झाकून ठेवले होते. आता झाकायचे काही उरले नाही. शेजारीण शेजारणीच्या गळ्यात पडली. रंगमंचावर वनमालाबाई जाते फिरवत राहिल्या. प्रणोतीही रडत होती आणि पडद्याकडे तिचे लक्ष नव्हते.

मग रडणे ओसरले. कोणी ते थांबवले नव्हते, त्याच्यावर कोणी हसू ओतले नव्हते. ते आपल्या वाटेने शेवटपर्यंत गेले आणि संपले. मैदानावर एक मोठा, एकत्र सोडलेला श्वास ऐकू आला. वनमालाबाईंनी हात थांबवला. पडदा पडला.

केळापुऱ्यांच्या पडद्यावर आकडा चढत होता. बेचाळीस. एकोणसाठ. शहात्तर. तो ब्याण्णववर स्थिरावला, हिरवा झाला, आणि त्यांच्या हातांनी काही करण्यापूर्वीच नागपूरला पोचला.

यंत्राने आजवर एकही दुःख पुरते होऊ दिले नव्हते. त्यामुळे पुरत्या दुःखानंतर माणसाच्या छातीत काय होते, याची नोंद त्याच्यापाशी नव्हती. वनमालाबाईंनी तर ते पन्नास वर्षे पाहिले होते. परंतु रंगमंचावरून प्रेक्षकांचे रडणे दिसते. मागाहून ती माणसे कशी घरी जातात हे पाहायला त्या कधी थांबल्या नव्हत्या.

रंग न पुसताच त्या टेबलापाशी आल्या. चालण्यात अजून विजय होता.

"किती खाली आला?"

केळापुऱ्यांनी पडदा त्यांच्याकडे वळवला. त्यांनी आकडा वाचला, त्याखालची ओळ वाचली: वाकडीटोला, निवांत. मदत होळीपर्यंत स्थगित.

"बदला तो."

"बदलता येत नाही, बाई. गेला."

"मी सांगते आहे, बदला."

आयुष्यभर त्या आवाजापुढे माणसे हलली होती. केळापुरे जागचे हलले नाहीत, कारण त्यांना खरोखरच काही करता येण्याजोगे नव्हते.

तोवर बायका भोवती जमल्या. पदर तोंडात कोंबणारी म्हातारी पुढे झाली आणि वनमालाबाईंच्या पायांवर वाकली. "लय दिवसांनी पोटभर रडलो व माय. आता हलकं वाटून राहिलं. तुह्या तोंडात साखर पडो." तिच्या मागे इतर वाकल्या. वनमालाबाईंनी कोणाला उठवले नाही, कोणाला आशीर्वाद दिला नाही. केळापुऱ्यांनी सरपंचाला बाजूला घेऊन सांगितले, तेव्हा सरपंचाने मान डोलवली. "असं का," तो शांतपणे म्हणाला. "पाहू मग." आणि बैलबंडी जुंपायला गेला.

गर्दी पांगली तेव्हा प्रणोती एकटी उरली. तिचे डोळे सुजलेले होते आणि कपाळावरची आठी गेली होती.

"बोल," वनमालाबाई म्हणाल्या.

प्रणोती बांधाकडे चालू लागली.

"बोल मला. तू सोपं मागितलं होतंस. मी माझ्या मोठेपणासाठी तुझ्या पोरांचा घास घालवला. हे तू म्हणायला हवंस, ते मला म्हणायला लावू नकोस."

"म्हणायचंय, आई." प्रणोती बांधावर बसली. "सगळं ठाऊक आहे मला. उद्या पातेल्यात काय टाकू, माहीत नाही. परवाही माहीत नाही. एकेका पोराचं तोंड डोळ्यांसमोर आणून पाहते आहे. पण राग येईना. इतकं बरं वाटतंय, की मलाच माझी शिसारी येते."

"प्रणोती, मी तुला सांगते आहे..."

"सांगून येतो का राग?" लेक थकलेल्या मायेने म्हणाली. "उद्या येईल. सकाळी पोरं आली की येईल. तू थांबशील?"

मंडळाची माणसे कनाती गुंडाळत होती. कवडूने ट्रकच्या पाठीमागून हाक दिली, "बाई, चला जी, उजेड चालला!"

वनमालाबाईंनी त्याला हातानेच जायला सांगितले. मग त्या लेकीशेजारी, बांधावर, खाली बसल्या.

"थांबते," त्या म्हणाल्या.